पकड, फेक, पुन्हा पकड : ‘स्मॅश’मधला चेन ग्रॅब

चेन ग्रॅब म्हणजे पकडींची साखळी. प्रतिस्पर्ध्याला पकडायचे, फेकायचे आणि त्याला हातपाय हलवता येण्याआधीच पुन्हा पकडायचे. निन्टेन्डोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ मालिकेत, त्यातही २००१ साली गेमक्यूबवर आलेल्या ‘मेली’ या दुसऱ्या खेळात, हा डाव सर्वांत पूर्णत्वाला गेला. खेळाच्या माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. पात्रांचे वजन, पडण्याचा वेग आणि फेकीला लागणारा वेळ हे आकडे एकमेकांत बसले आणि त्यातून तो उपजला. खेळाडूंनी तो हुडकून काढला, घासूनपुसून धारदार केला.

‘स्मॅश’ हा प्लॅटफॉर्म फायटर जातीचा खेळ. इथे ताकद संपली की हरला, असे नसते. मार बसला की पात्रापुढचा टक्क्यांचा आकडा वाढतो आणि आकडा जितका मोठा, तितके पुढच्या फटक्याने ते लांब उडते. रिंगणाबाहेर फार दूर गेले की एक स्टॉक, म्हणजे एक जीव, जातो. ‘मेली’च्या स्पर्धांमध्ये प्रत्येकाला चार स्टॉक मिळतात. खेळाचा पाया त्रिकोणी आहे. ढाल फटका अडवते, पकड ढालीला भेदते आणि फटका पकडीच्या आधी पोहोचला तर पकडणाऱ्यालाच खावा लागतो. पकड हा ढालीवरचा उतारा, आणि चेन ग्रॅबचे बीज या उताऱ्यातच आहे. एकदा ढालीमागे लपणे महागात पडले, तर त्याची किंमत किती वसूल करायची?

१९९९च्या पहिल्या खेळात, निन्टेन्डो ६४ वर, ही वसुली बेताची होती. तिथे फेकी दोनच, पुढे आणि मागे, आणि दोन्ही प्रतिस्पर्ध्याला बऱ्यापैकी दूर भिरकावत. ‘मेली’ने वर आणि खाली अशा आणखी दोन फेकींची भर घातली. वर फेकलेला गडी परत खालीच येणार. तो कुठे आणि केव्हा येणार हे आधी कळले, तर खाली हात पसरून उभे राहता येते.

त्यामागचे गणित असे. खेळ सेकंदाला ६० फ्रेम या गतीने चालतो, म्हणजे एक फ्रेम सेकंदाचा साठावा भाग. फटका किंवा फेक लागली की पात्र काही फ्रेम बधिर राहते; खेळाडू त्याला हिटस्टन म्हणतात. ‘मेली’त ही लांबी उडवण्याच्या जोराला ०.४ ने गुणून येते. जोर ६० असेल तर २४ फ्रेम, जेमतेम पाव-अर्धा सेकंद. या वेळात बटणे कितीही दाबली तरी पात्र ऐकत नाही. फेकणाऱ्याची फेक संपून तो मोकळा झाला, धावत तिथे पोहोचला आणि त्याची पुढची पकड बसली, हे सगळे त्या बधिर फ्रेम संपण्याआधी उरकले, तर साखळीची पुढची कडी जुळली.

इथे सर्वांत जास्त मार खातो तो फॉक्स. एरवी ‘मेली’तला हा सर्वांत चपळ, सर्वांत धोकादायक गडी. त्याचे वजन अवघे ७५. बाउझर ११७चा आहे. पण हलका असूनही फॉक्स दगडासारखा पडतो. त्याचा पडण्याचा वेग फ्रेमला २.८ एकके, तर गुबगुबीत जिगलीपफचा १.३. जिगलीपफ वर फेकली की फुग्यासारखी तरंगत राहते आणि मधल्या वेळात सावरते. फॉक्स मात्र उडतो आणि लगेच हातात येऊन पडतो. ज्या वेगामुळे तो जमिनीवर अजिंक्य वाटतो, तोच हवेत त्याला घातक ठरतो. ‘मेली’च्या रचनेतला हा समतोल फार सुंदर आहे, आणि तो कुणी मुद्दाम आखला असेल असे वाटत नाही.

या संधीचे सोने केले मार्थने. तलवारबाज मार्थची पकड लांब हातांची, आणि त्याची वरची फेक प्रतिस्पर्ध्याला डोक्यावर उभी उडवते. एका फेकीचे टक्के थोडेच, पण त्या पाठोपाठ लागत राहिल्या की फॉक्स शून्यावरून बघता बघता तिशीत जातो. त्यापुढे तो पकडीच्या आवाक्याबाहेर उंच उडू लागतो, तेव्हा मार्थ तलवार काढतो. वरच्या दिशेचे फटके, मधूनच एखादी पकड आणि शेवटी तलवारीच्या टोकाचा तो जबर वार. सगळे नीट जुळले तर एका पकडीत एक स्टॉक.

फॉक्सच्या हातात त्या वेळी अगदीच काही नसते असे नाही. त्याच्याकडे डीआय असते, म्हणजे उडताना कंट्रोलरची काडी कलवून मार्ग वळवण्याची सोय. जास्तीत जास्त सुमारे १८ अंशांनी दिशा बदलते. ऐकायला थोडेच, पण त्यामुळे गडी मार्थच्या पुढे पडेल, मागे पडेल की जागेवरच, हे ठरते. मार्थने ते उडण्याच्या पहिल्या काही फ्रेममध्ये ओळखायचे आणि उभ्याने पकडायचे, धावत पुढे जायचे की गर्रकन वळून पाठीमागे हात टाकायचा हे ठरवायचे. चेन ग्रॅब म्हणजे पाठ केलेली बटणांची ओळ, हा समज इथे मोडतो. कुस्तीत समोरच्याच्या अंगाचा झोक बघून डाव फिरवतात, तशीच ही नजर लागते. २०२०च्या ‘जेनेसिस ७’ स्पर्धेचा विजेता झेन याचा मार्थ या नजरेसाठीच ओळखला जातो.

धावताना पकडण्याची एक खुबीही यात महत्त्वाची आहे. धावती पकड संथ असते, चुकली तर महागात पडते. म्हणून खेळाडू उडीचे बटण दाबून पाय जमिनीवरून सुटण्याआधीच पकडीचे दाबतात. उडी रद्द होते आणि धावत्या वेगातच उभी पकड निघते. बोटांना हे वळण लागायला महिने जातात.

मग स्टेजचा प्रश्न येतो. ‘बॅटलफील्ड’सारख्या स्टेजवर डोक्यावर फळ्या तरंगत असतात, वर फेकलेला फॉक्स फळीवर उतरतो आणि साखळी तुटते. ‘फायनल डेस्टिनेशन’ मात्र सपाट. वर आडकाठी नाही, खाली उतार नाही. त्यामुळे सामन्याआधी स्टेज बाद करण्याची पाळी आली की फॉक्स खेळणारा बहुधा प्रथम त्यालाच कात्री लावतो आणि मार्थ खेळणारा, हरलेल्या डावानंतर निवड हाती आली, की तेच मागतो. एका फेकीने स्टेज निवडीची रीत ठरवावी, यातच तिचे वजन दिसते.

शीकची कहाणी वेगळी. तिची खालची फेक मध्यम वेगाच्या पात्रांना अलगद पुढ्यात उडवते, आणि गॅननडॉर्फसारखे गडी त्यातून सुटता सुटत नाहीत. खालच्या फळीतल्या अनेक पात्रांना शीकसमोर उतरणे नकोसे होण्यामागे ही फेक आहे. २००२ साली आलेल्या युरोपीय आवृत्तीत ती बदलली गेली आणि तिथली शीक साखळीला मुकली. एकच खेळ, एकच पात्र, पण खंड बदलला की डाव गायब. फॉक्ससारख्या झपाट्याने पडणाऱ्यांवर शीकची फेक वेगळे काम करते. ते आपटतात आणि सावरून उठताना, लोळताना त्यांना पुन्हा गाठावे लागते. याला टेक चेस म्हणतात. ही खरी साखळी नव्हे, कारण दर वेळी सुटकेच्या वाटा उघड्या असतात. पण नुसत्या डोळ्यांनी ओळखून त्या सगळ्या वाटा बंद करणारे खेळाडू आहेत, आणि तेव्हा फरक फक्त नावाचा उरतो.

सर्वांत वादग्रस्त ठरला तो वॉबलिंग. आइस क्लाइंबर्स ही पोपो आणि नाना अशी जोडी. पोपोने गडी धरून ठेवायचा, आणि त्याच्या ढुशांच्या मध्ये नानाने ठेक्यात फटका मारायचा. ठेका चुकला नाही तर पकडलेला सुटतच नाही. हवे तितके टक्के चढवायचे आणि मग एका फटक्यात उडवायचे. हे नाव वॉबल्स या खेळाडूवरून पडले. २०१३ साली लास व्हेगासच्या ‘इव्हो’ स्पर्धेत तो दुसरा आला, अंतिम फेरीत मँगोकडून हरला. वॉबलिंगमध्ये फेक नाही, डीआय नाही, नजर नाही. मार्थच्या साखळीत समोरचा निदान दिशा तरी निवडतो, इथे तो कंट्रोलर खाली ठेवू शकतो. पोपो आणि नाना वेगळे झाले की हा डाव संपतो आणि त्यांना एकत्र ठेवणेच अवघड, हा समर्थकांचा मुद्दा खोटा नव्हता. तरी पाहणाऱ्यांना आणि खेळणाऱ्यांना तो रुचला नाही. अनेक वर्षे कुठे मुभा, कुठे मनाई असे चालले, आणि २०१९नंतर बहुतेक मोठ्या स्पर्धांनी त्यावर बंदी घातली.

२००८च्या ‘ब्रॉल’मध्ये कर्त्यांनी हिटस्टन मोडायची सोय दिली. हवेत १३ फ्रेमनंतर अंग चोरता येई. एरवीच्या कॉम्बोंचा, म्हणजे सलग जोडलेल्या फटक्यांचा, कणाच त्यामुळे मोडला, पण फेकी टिकल्या, कारण त्यांपैकी काहींत तेवढी उसंतही मिळत नसे. किंग डेडेडेची खालची फेक निम्म्याअधिक पात्रांना ओढत स्टेजच्या टोकापर्यंत नेई, आणि डाँकी काँगवर तर ती जागच्या जागी, अंतहीन चाले. काही स्पर्धांना त्याविरुद्ध वेगळा नियम करावा लागला.

२०१४च्या चौथ्या खेळात प्रश्न मुळापासून सोडवला गेला. पकडीतून सुटलेल्याला त्यानंतर थोडा काळ पुन्हा पकडताच येत नाही. २०१८च्या ‘अल्टिमेट’नेही हाच नियम ठेवला. फेकीनंतरची पुढची पायरी आता पकड नसून फटका असते. डिडी काँगची खालची फेक आणि लगोलग वरचा फटका ही जोडी २०१४मध्ये इतकी बोकाळली की पुढच्या वर्षी अपडेटने तिची धार काढावी लागली. डाँकी काँग तर गड्याला खांद्यावर टाकून वर भिरकावतो आणि वरच्याच फटक्याने त्याचा निकाल लावतो.

‘मेली’ला असे अपडेट कधी मिळालेच नाहीत. तबकडीवर कोरलेले आकडे अजून तेच आहेत, आणि जुन्या जाड काचेच्या टीव्हींसमोर बसून आजही ‘फायनल डेस्टिनेशन’वर मार्थ फॉक्सला वर फेकतो, आणि तो कुठल्या बाजूला झुकतो ते बघत हात पुढे करतो.