'पाठवला' म्हणजे 'पोचला' नव्हे : सर्व्हरवरून ईमेल का जात नाही?



आज थोडा तांत्रिक, पण प्रत्येक शाळेच्या कामाचा विषय घेऊया. सुरुवात घडलेल्या गोष्टीने करतो.

आमच्या सांडोरकडच्या एका शाळेने आपल्या संकेतस्थळावरून पालकांना ईमेल पाठवला. शिष्यवृत्तीच्या अर्जातल्या चुका दुरुस्त करण्याची शेवटची तारीख त्यात होती. पडद्यावर 'संदेश पाठवला आहे' असं हिरव्या अक्षरांत आलं आणि सगळे निश्चिंत झाले. आठवडाभराने एक आई चौकशीला आली. "सर, मेल तर आलाच नाही." तारखेला दोनच दिवस उरले होते. मग सगळ्यांनी फोन हातात घेतले आणि एकेका पालकाला कळवलं. वेळ निभावली, पण तो मेल गेला कुठे?

सांडोरहून जाऊन पापडीच्या पोस्टात पत्र टाकलं, की पेटीत पडल्याचा आवाज येतो. पत्र नागपूरच्या घरी पोचलं का, हे तो आवाज सांगत नाही. हिरवा संदेशही तसाच. संकेतस्थळाने मेल आपल्या सर्व्हरच्या हवाली केला, एवढाच त्याचा अर्थ. पुढचा प्रवास शोधायचा तर खालच्या क्रमाने जा.

१. आधी नोंदवही वाचा

सर्व्हर प्रत्येक मेलची नोंद ठेवतो. तिला 'लॉग' म्हणतात. भाड्याच्या होस्टिंगवर ती बहुधा कंट्रोल पॅनेलमध्ये दिसते. नाही दिसली तर कंपनीकडे मागा. पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा प्रोग्रॅम असेल, तर प्रत्येक मेलपुढे यांपैकी एक शब्द सापडेल :

- सेंट : पुढच्या सर्व्हरने मेल स्वीकारला. आता तो स्पॅममध्ये पडला आहे का, ते पाहा.
- डिफर्ड : आत्ता जमलं नाही, मेल रांगेत आहे, पुन्हा प्रयत्न होईल. मूळ सेटिंगमध्ये असे प्रयत्न ५ दिवस चालतात.
- बाउन्स्ड : मेल नाकारला गेला.

नोंदच नसेल, तर मेल सर्व्हरपर्यंत आलाच नाही. दोष संकेतस्थळाच्या फॉर्ममध्ये शोधा.

२. आकडा ओळखा

नोंदीत तीन अंकी आकडा असतो. पहिला अंक महत्त्वाचा. २ म्हणजे स्वीकारलं, ४ म्हणजे तात्पुरती अडचण, ५ म्हणजे कायमचा नकार. ५५० आणि सोबत ५.१.१ असेल, तर तो पत्ताच अस्तित्वात नाही. ५३५ आला, तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकतोय. ५५२ बहुतेक वेळा मेल फार मोठा असल्याचं किंवा समोरची पेटी भरल्याचं सांगतो. आकड्यापुढचं वाक्यही वाचा, खरं कारण बऱ्याचदा तिथेच असतं.

३. वाट उघडी आहे का?

सगळ्याच मेलपुढे 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसत असेल, तर बाहेर जायचा दरवाजाच बंद आहे. एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरला मेल जातो तो २५ क्रमांकाच्या पोर्टने. स्पॅम रोखण्यासाठी गूगल क्लाउडसारख्या सेवा हा पोर्ट बाहेरच्या दिशेने बंद ठेवतात. अशा वेळी मेल-सेवेत पासवर्डने लॉगिन करून ५८७ पोर्टने मेल पाठवायचा.

४. समोरच्याचा विश्वास आहे का?

ईमेल पाठवण्याचे एसएमटीपी नियम १९८२ साली लिहिले गेले. तेव्हा जाळं छोटं होतं, म्हणून पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोय त्यात नव्हती. पाकिटावर कुणीही कुणाचंही नाव लिहावं, अशी स्थिती! पुढे त्यावर उपाय आले :

- एसपीएफ : आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्याची यादी.
- डीकेआयएम : प्रत्येक मेलवरची डिजिटल सही.
- डीमार्क : या दोन्ही तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं, याची सूचना.
- पीटीआर : आयपी क्रमांकावरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद. ही होस्टिंग कंपनीकडून करून घ्यावी लागते.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम असावंच लागतं. दिवसाला ५००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना डीमार्कसह तिन्ही लागतात.

आमची चोरी इथेच सापडली. काही महिन्यांपूर्वी शाळेचे ईमेल नव्या सेवेकडे नेले होते. एसपीएफच्या यादीत नव्या सेवेचं नाव घातलं, पण संकेतस्थळाचा सर्व्हर राहून गेला. डीकेआयएमची सहीही नव्हती. जीमेलने मेल ५५० आणि ५.७.२६ असा शेरा मारून परत पाठवले. ते परत आले 'नोरिप्लाय' या पत्त्यावर, आणि ती पेटी कुणी उघडलीच नव्हती. म्हणजे जीमेल कारण सांगत होतं, ऐकायला मात्र कुणी नव्हतं!

उपाय दहा मिनिटांचा होता. आहे त्याच एसपीएफ ओळीत सर्व्हरचा आयपी क्रमांक घातला. लक्षात ठेवा, दुसरी एसपीएफ ओळ वेगळी लिहायची नाही. दोन ओळी झाल्या की तपासणीच बाद होते.

५. रांग अचानक फुगली तर?

शाळेचे मेल शंभर आणि रांगेत हजारो दिसले, तर कुणीतरी पासवर्ड चोरून किंवा फॉर्ममधून घुसून स्पॅम पाठवतंय. आधी पाठवणं थांबवा, पासवर्ड बदला, फॉर्म दुरुस्त करा. काळ्या यादीतून नाव काढण्याची विनंती त्यानंतर करा. आधी केली, तर नाव पुन्हा यादीत जाईल.

एवढं नक्की करा

परत येणारे मेल रोज पाहणारी एक व्यक्ती नेमा. दर महिन्याला जीमेलच्या आणि दुसऱ्या एखाद्या बाहेरच्या पत्त्यावर चाचणी मेल पाठवा. आणि तारखेचं काम असेल, तर वर्गात सूचना आणि फोन हवाच.

करून पाहा : संगणकावर जीमेलमधला कोणताही मेल उघडा, तीन टिंबांवर क्लिक करून 'शो ओरिजिनल' निवडा. एसपीएफपुढे 'पास' दिसतं का? आता तुमच्या शाळेचा मेल असाच तपासा. विद्यार्थ्यांनाही दाखवा. 'पाठवला' आणि 'पोचला' यांतला फरक त्यांना तिथेच कळेल.