जुन्या रायफलीवरील लेख कसा वाचावा

पोलीस दलात सेवेत असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मध्यंतरी आम्हांला काही छायाचित्रे पाठविली. मुख्यालयाच्या दालनात शोभेसाठी ठेवलेली ती एक जुनी रायफल होती. "सर, ही पहिल्या महायुद्धातील आपल्या १११ महार पलटणीची आहे असे सगळे सांगतात. खरे असेल का?" असा त्याचा प्रश्न होता. त्याचे पणजोबा त्या पलटणीत होते, असे त्याच्या घरी सांगत आले आहेत. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत माजी विद्यार्थी व पालक यांनाही उपयोगी पडेल, म्हणून ती येथे मांडत आहोत.

प्रथम रायफलीची ओळख. मागचा दांडा हाताने उचलून मागे ओढावयाचा आणि पुढे ढकलून काडतूस नळीत बसवावयाचे, या रचनेला बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणतात. आपल्याकडे 'थ्री नॉट थ्री' या नावाने परिचित असलेली ली-एनफिल्ड ही याच जातीची. तिचा आखूड, प्रसिद्ध नमुना १९०७ मध्ये स्वीकारला गेला आणि भारतीय सैन्याने दोन्ही महायुद्धांत तो वापरला.

तिचा मुख्य लेख नळीवर नसून, लाकडी दस्ता जेथे पोलादाला जोडला जातो तेथील पोलादी कड्याच्या उजव्या बाजूवर असतो. तो शिलालेखाप्रमाणे वरून खाली वाचावा. सर्वांत वर मुकुट आणि त्याखाली राजाची रोमन आद्याक्षरे. 'ई.आर.' म्हणजे सातवा एडवर्ड, अर्थात १९१० पर्यंतचा काळ. 'जी.आर.' म्हणजे जॉर्ज. परंतु पाचवा व सहावा हे दोघेही जॉर्जच असल्यामुळे केवळ या अक्षरांवरून काळ ठरत नाही. भारतात बनलेल्या रायफलींवर 'जी.आर.आय.' अशी अक्षरे आढळतात. शेवटचे अक्षर सम्राटपदाचे. त्याखाली कारखान्याचे नाव येते. एनफिल्ड किंवा बी.एस.ए. असल्यास इंग्लंड, ईशापूर असल्यास बंगाल. मग वर्ष, आणि शेवटी नमुन्याचा क्रमांक. रोमन तीनच्या पुढे तारा असेल, तर तो पहिल्या महायुद्धात उत्पादन सोपे करण्यासाठी केलेल्या बदलाची खूण होय. स्वातंत्र्यानंतरच्या ईशापुरी रायफलींवर मुकुट जाऊन अशोकस्तंभावरील सिंहमुद्रा आली. एवढ्या एका खुणेवरून राज्य कोणाचे, हे कळते.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी की, नळीवर निराळे वर्ष आढळू शकते. नळी झिजली की बदलली जात असे. म्हणून रायफलीचे जन्मवर्ष कड्यावरूनच घ्यावे. बोल्ट, नळी व मुख्य सांगाडा यांवरील अनुक्रमांक जुळत नसतील, तर सुटे भाग बदलले गेले असे समजावे. 'एफ.टी.आर.' ही अक्षरे कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झाल्याचे सांगतात, तर 'डी.पी.' म्हणजे केवळ कवायतीसाठीची, गोळी झाडण्यास अयोग्य रायफल. दुसरी सावधगिरी अशी की, आकारावर विसंबू नये. १९६० नंतरच्या दशकात ईशापूरने जवळजवळ याच रूपाची, पण ७.६२ मिलिमीटरची रायफल बनविली. तिचे मॅगझिन अधिक चौकोनी दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. छायाचित्रातील कड्यावर ईशापूरचे नाव आणि १९४३ हे वर्ष स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती सरकारने बंद केली होती. महायुद्धाच्या गरजेपोटी १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. म्हणजे ती मोडल्यानंतर बावीस वर्षांनी ही रायफल जन्मली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे स्थापन झालेल्या महार रेजिमेंटच्या काळाशी तिचे वर्ष जुळते. परंतु वर्ष जुळले म्हणून ती त्याच रेजिमेंटची होती, असे सिद्ध होत नाही. जुन्या रायफलींच्या दस्त्यावर कधी कधी पलटणीची अक्षरे कोरलेली पितळी चकती असे. या रायफलीवर ती नव्हती.

आम्ही हे कळविले तेव्हा तो विद्यार्थी काहीसा खट्टू झाला. "मग पणजोबांची गोष्ट खोटी का?" असे त्याने विचारले. तसे मुळीच नाही. रायफल त्यांची नव्हती, एवढेच सिद्ध झाले. रायफल सरकारची असते. तिच्यावर शिपायाचे नाव नसते. नाव असते ते पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर. तेथे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण बारीक अक्षरांत उमटविलेली असते. त्याला आम्ही घरातील जुनी ट्रंक उघडून पाहण्यास सांगितले आहे.

आपणा सर्वांनाही हीच विनंती. असे पदक घरी असेल, तर ते घासून उजळू नये, सोनाराकडे आटवू नये. कडेवरील अक्षरांचे छायाचित्र घ्यावे आणि सेवापुस्तिका व पेन्शनचे कागद त्यासोबत जपून ठेवावेत. जुने शस्त्र मात्र परवान्याशिवाय घरात आढळले, तर त्यास हात न लावता पोलिसांना कळवावे. आपल्या पूर्वजांचे पराक्रम इतरांनी फारसे लिहून ठेवले नाहीत. ते लिहिण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे, आणि म्हणूनच आपला पुरावा कोणालाही खोडता येणार नाही इतका चोख असला पाहिजे.