राउटर वेग का कमी दाखवतो?

एखाद्या घरात १०० एमबीपीएसचा प्लॅन असतो, पण चाचणी ९०च दाखवते. कंपनीला फोन लावण्याआधी राउटरमधले ट्रॅफिक शेपिंग चालू आहे का, ते पाहा. ही सोय मुद्दामच वेग थोडा कमी धरते. त्यामुळे डेटाची रांग कंपनीच्या उपकरणात न तुंबता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे तिला शिस्त लावता येते. ‘ओपनडब्ल्यूआरटी’ या राउटरच्या प्रणालीमधील ‘केक’ ही पद्धत हेच करते. एकाने मोठी फाइल उतरवायला घेतली तरी दुसऱ्याचा ऑनलाइन वर्ग अडखळत नाही. माझ्या मते थोडा वेग सोडण्याचा हा व्यवहार फायद्याचाच आहे.

मात्र लाइनचा खरा वेग मोजताना शेपिंग बंद करा, लॅपटॉप केबलने जोडा आणि संध्याकाळच्या गर्दीतही मोजा. नंतर शेपिंग पुन्हा चालू करून आलेल्या आकड्याच्या साधारण ९० टक्के मर्यादा ठेवा, अपलोडची वेगळी. मग डाउनलोड चालू असताना पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, पाहा. तो फारसा वाढला नाही, तर मांडणी जमली. वेग मात्र मर्यादेच्याही बराच खाली गेला, तर बहुधा राउटरचा प्रोसेसर कमी पडतो आहे. शेपिंगमध्ये प्रत्येक पॅकेट त्यालाच हाताळावे लागते.