किलोवर, नगावर

जुन्या फ्लॅटमधून वस्तू जितक्या वाटांनी बाहेर पडतात, तितकी त्यांची मापं असतात. रद्दी किलोवर जाते, बाटल्या नगावर, साड्या भांड्यांवर, पितळ मोडीच्या भावाने आणि जाडा टीव्ही ‘न्या बाबा एकदाचा’ म्हणून. ज्या घरातून हे सगळं निघतं ते घर मात्र चौरस फुटांवर विकलं जातं. मावशीचा कोथरूडचा फ्लॅट विकायला काढायचं ठरलं, तेव्हा मावसभाऊ बंगळुरूला आणि मी दोन गल्ल्या पलीकडे. त्यामुळे आवराआवरी माझ्याकडे आली आणि ही सगळी मापं जवळून बघायला मिळाली.

एजंटाने हॉल पाहिला, ओटा कुठल्या दिशेला आहे ते मोबाइलवरच्या होकायंत्रात तपासलं आणि माळ्याकडे बोट दाखवलं. ‘‘काकू, हे सगळं काढा. माळा भरलेला दिसला की गिऱ्हाईक म्हणतं, घरात ठेवायला जागाच नाही.’’ मावशीचं म्हणणं बरोबर उलटं. एवढं मावतंय म्हणजे जागा आहे, हे कळायला नको का गिऱ्हाइकाला? मला विचाराल तर तर्क मावशीचा सरस होता. पण गिऱ्हाइकं एजंटाने जास्त पाहिली होती.

माळ्यावर अलीकडचं तोंडाशी आणि जुनं तळाशी असतं. त्यामुळे शिडीवर उभं राहून हात आत घालावा तसं साल मागे जातं. सगळ्यांत पुढे रिकामी खोकी होती: मिक्सरचं, इस्त्रीचं, दोन टेबलफॅनचं. ‘वॉरंटीला लागतं’ म्हणून ठेवलेली. त्यातला एक पंखा कधीच भंगारात गेला होता, खोकं मात्र शाबूत. त्यामागे गणपतीचं थर्माकोलचं मखर. राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून ते उतरलंच नव्हतं. भंगारवाल्याने त्याला हातसुद्धा लावला नाही. ‘‘आजी, याला वजनच नाही,’’ म्हणाला. त्याच्या हिशेबात विषय संपला. मखराच्या मागे रुखवत: मण्यांचा राजहंस, सुपारीचे भटजी, शिंपल्यांचा गणपती. मग बुटाच्या खोक्यात दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, निम्म्यांच्या माना तुटलेल्या. मग होल्डॉल, कापसाच्या गाद्या, वातींचा स्टोव्ह. आणि अगदी भिंतीला टेकून घंगाळ, परात, दोन हंडे आणि बंब.

बंब हे प्रकरण नाजूक होतं. मावशीचं सासर नारायण पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, त्यात वाचलेल्या वस्तूंना पुण्याच्या जुन्या घरांत वेगळाच मान असतो. हा बंब पुरातला. मावसभावाने फोनवर निक्षून सांगितलं, ‘‘काहीही विक, बंब नको.’’ मग तू ने, म्हटल्यावर बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये तो कुठे ठेवणार, असा प्रश्न त्यालाच पडला. निकाल मावशीने दिला. ‘‘त्याच्यासमोर बसून धूर मी खाल्लाय. तुम्हाला दिवाणखान्यात ठेवून वर झाड लावायचं असेल तर खुशाल न्या. नसेल तर मोडीत घाला.’’ मला वाटलं होतं, ती बंबापाशी अडेल. ती अडली मिक्सरच्या खोक्यापाशी.

रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात बंब मोडताना पाहणं हा एक धडाच आहे. माणसाने आधी तो उलटा केला. खालची जाळी लोखंडी, ती हाताने ओढून बाजूला टाकली. तोटी पितळी. पान्याने फिरेना, तेव्हा छिन्नी लावून काढली. मग खिशातून लोहचुंबक काढला आणि काठावरून सावकाश फिरवत गेला. पत्रा जिथे गोल वळवलेला असतो तिथे आत कधी कधी लोखंडी तार असते, चुंबक तिथे चिकटतो. तार असेल तर काठ कापायचा. मग आत हातोडीचे चार ठोके, आणि वर्षानुवर्षांच्या पाण्याच्या क्षाराचे पांढरे पापुद्रे जमिनीवर. त्या पापुद्र्यांना तांब्याचा भाव तो कशाला देईल? पाच मिनिटांत बंबाचे तीन ढीग झाले, तांबं, पितळ, लोखंड, आणि तिघांचे भाव वेगळे. काटा डिजिटल, भाव फळ्यावर खडूने लिहिलेला, त्यामुळे घासाघीस भावावर होत नाही, ती होते ‘घट’ किती धरायची यावर. माती, डाग, झाळ यांच्यापोटी तो वजनातून काही वजा करतो, आणि तिथे गप्प बसणारं गिऱ्हाईक फसतं. मावशी गप्प बसली नाही. घंगाळावर सासूबाईंचं नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं, घंगाळ काट्यावर ठेवलं आणि आकडा सांगितला. नाव घातलेल्या आणि न घातलेल्या भांड्याचा भाव एकच असतो.

कपड्यांसाठी बोहारीण आली. ती आधी ऐसपैस बसते, पाणी मागते, मग गाठोडं सोडायला सांगते. पँट उलटी करून बूड विरलंय का पाहते, चेन वरखाली करते, शर्टाची कॉलर उजेडात धरते. सुती साड्या चालतात, ब्लाउज कोणीच घेत नाही. गोची अशी, की ती पैसे देत नाही, भांडी देते. ज्या घरातून आम्ही भांडी बाहेर काढत होतो, त्याच घरात मावशी एका पातेल्यासाठी हुज्जत घालत होती: ‘‘हे नको, बुडाला जाड असलेलं दाखव.’’ मी रोख मागून पाहिले. दोघींनीही माझ्याकडे सारखंच दुर्लक्ष केलं. पातेलं आलं, आणि एक झाकणी वर.

जरीच्या साड्या तिला द्यायच्या नसतात, एवढी अक्कल आम्हाला शेजारच्या काकूंनी दिली. त्या घेणारे वेगळे, आणि ते पैसे देतात. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते आणि त्यावर सोन्याचा मुलामा. घेणारा पदराच्या टोकाचे दोन धागे उपसतो आणि काडी पेटवून त्यावर धरतो. रेशीम जळून जातं, तार राहते. प्लास्टिकची जर असेल तर ती आक्रसून काळी गोळी होते. मावशीने ज्या शालूला अर्धं आयुष्य डांबराच्या गोळ्यांत जपलं, त्याची गोळी झाली. आणि रोज पूजेला नेसून विटलेल्या एका साडीच्या काठात चांदी निघाली. काकांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या, एक्स-रे फिल्मलाही गिऱ्हाईक असतं, त्यावरही चांदीचा थर असतो म्हणून. मावशीने त्या दिल्या नाहीत. कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगते, कारण अनुभव थोडका आणि कडू आहे. दिवाळी अंकांचे गठ्ठे कोणालाही नको असतात. वाचनालयांकडे स्वतःचेच ठेवायला जागा नाही. संदर्भग्रंथ मागणाऱ्याला द्यावेत, शालेय पुस्तकं अप्पा बळवंत चौकात न्यावीत, बाकीचं किलोवर. टीव्हीच्या जाड काचेत शिसं असतं, त्यामुळे तो फोडून कचऱ्यात टाकू नये, ई-कचऱ्यात द्यावा. सोफ्याला तिसऱ्या मजल्यावरून उतरवायची हमाली सोफ्याच्या किमतीपेक्षा जास्त पडते. उरलेला ढीग आमच्या सोसायटीत कचरा उचलायला येणाऱ्या ताईंनी निवडला. त्या ‘स्वच्छ’च्या. पुण्यातल्या कचरावेचकांची ही स्वतःची सहकारी संस्था, १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून आलेली. आम्ही दोघी सकाळभर ज्याचे तीन ढीग करत होतो त्याचे त्यांनी चहा निवेपर्यंत सात केले.

आता कागद. मोडीत सगळ्यांत स्वस्त जातो कागद, आणि घरातली सगळ्यांत महाग वस्तूही कागदच. म्हणून माझं ठाम मत झालंय की रद्दीवाल्याला वर बोलवायच्या आधी घरातला प्रत्येक कागद उलटून पाहावा. भांडी, कपडे, गाद्या सगळं नंतर. लोक बरोबर उलटं करतात. रद्दी सोपी वाटते म्हणून ती पहिली जाते, आणि तिच्यासोबत काय गेलं ते व्यवहाराच्या दिवशी कळतं. विकताना लागतो तो मूळ नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ताबापत्र, बिल्डरला दिलेल्या पैशांच्या पावत्या. घेणारा कर्ज काढत असेल तर त्याची बँक मूळ कागदांवर अडून बसते. करारनामा हरवला तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकांकडून सहीशिक्क्याची नक्कल. शेअर सर्टिफिकेट हरवलं तर सोसायटीकडे अर्ज आणि हमीपत्र, मग डुप्लिकेट. मावशीचं सर्टिफिकेट फायलीत नव्हतं, लॉकरमध्येही नव्हतं. ते सापडलं लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या खणात, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली. काकांनी ते तिथे ‘नीट’ ठेवलं होतं.

त्याच खणात एका दोऱ्याने बांधलेल्या पावत्या होत्या: २००६ साली स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नवं केलं तेव्हाच्या फरशीच्या, प्लंबरच्या, ग्रॅनाइटच्या. मी त्या रद्दीत टाकणार तेवढ्यात सीए म्हणाले, थांबा. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल तर भांडवली नफा काढताना त्या दिवशीची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, आणि त्यानंतर घराच्या सुधारणेवर केलेला खर्च त्यात मिळवता येतो. पुरावा असेल तरच. २३ जुलै २०२४ पासून नियम बदलले. त्याआधी घेतलेल्या घराला साडेबारा टक्के महागाई निर्देशांकाशिवाय किंवा वीस टक्के निर्देशांकासह, यातलं जे कमी पडेल ते धरायची मुभा देशात राहणाऱ्या व्यक्तींना आहे. दोन्हीकडे त्या पावत्यांचा उपयोग होतोच. बंबाचं तांबं, पितळ, लोखंड सगळं मिळून जे आलं, त्यापेक्षा त्या मूठभर पावत्यांनी जास्त वाचवलं. तळाशी काकांचे कागदी शेअर्स होते. १ एप्रिल २०१९ पासून डीमॅटमध्ये आणल्याशिवाय ते विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आणि सात वर्षं लाभांश कोणी उचलला नसेल तर शेअर्सच सरकारी निधीकडे वर्ग होतात. ते सोडवायचं काम अजून चालू आहे. घर विकून होईल, ते होणार नाही.

कपाट हलवल्यावर मागच्या भिंतीवर ओल दिसली. पेंटर म्हणाला, पुट्टी भरून हात मारला की पाऊस येईपर्यंत कळणार नाही. एजंटाला ते पटलं. मावशीने प्लंबरला बोलावून न्हाणीघराचा पाइप बदलून घेतला, भिंत तशीच वाळत ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः दाखवली. यामुळे किमतीत थोडा मार बसला हे खरं. पण एक गोष्ट मी पाहिली. ओल दाखवल्यानंतर माणसं बाकीचं घर कमी ठोकून बघत होती.

घर पसंत केलं एका तरुण जोडप्याने. दोघांनाही माळा आवडला. त्याला दारं लावून घ्यायचं तिने तिथेच ठरवलं, आणि आपल्याकडे खोकी किती आहेत ते त्याला सांगू लागली. वाद निघाला तो विसार पावतीच्या वेळी. घर विकलं म्हणजे पंखे विकले का? गीझर? बाल्कनीचं ग्रिल? एजंट म्हणाला, हे कोणी लिहीत नाही, समजुतीवर चालतं. मावशी म्हणाली, समजूत घरटी वेगळी असते, तुम्ही लिहा. पावतीला एक जोडकागद लावला गेला: पंखे नग चार, गीझर नग एक, ट्यूबलाइट नग पाच, पडद्यांचे दांडे नग सहा, बाल्कनीचं ग्रिल आहे तसं. पाण्याचा फिल्टर मावशी बरोबर नेणार होती, तो आधी लिहिला गेला होता. त्यावर काट मारली आणि काट मारल्याच्या शेजारी दोन्ही पक्षांच्या सह्या घेतल्या.