बिल्ड नेमका अडतो कुठे?

‘एरर कोड 1’. बराच वेळ स्क्रीनवरून ओळी धावत असतात आणि मग एवढेच दाखवून काम थांबते. फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम मूळ सोर्स कोडपासून बांधून अद्ययावत करणाऱ्यांच्या ही ओळ चांगलीच ओळखीची. नवखा तिच्याकडेच टक लावून बसतो. पण काहीतरी फसले, यापलीकडे ती काही सांगत नाही. खरी चूक बरीच वर, सरकून गेलेल्या ओळींत दडलेली असते.

फ्रीबीएसडीचे मूळ कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात घडलेल्या युनिक्समध्ये आहे. तिची पहिली आवृत्ती 1993 मध्ये आली. सोनीच्या प्लेस्टेशन 4 ची सिस्टीम तिच्यावरच बेतलेली आहे आणि नेटफ्लिक्सचे व्हिडिओ घरोघरी पोचवणारे सर्व्हरही तिच्यावर चालतात. लिनक्सच्या जगात कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, एका गटाकडून येतो, तर बाकीची साधने दुसऱ्यांकडून. फ्रीबीएसडीत मात्र कर्नल, लायब्ररी, मूलभूत आज्ञा आणि सोर्सपासून प्रोग्रॅम बनवणारा कंपाइलर यांचा सोर्स एकाच जागी नांदतो. त्यामुळे अख्खी सिस्टीम घरच्या घरी बांधता येते.

बहुतेकांना याची गरज पडत नाही. तयार फाइली उतरवून घेतल्या की काम भागते. कर्नलमधले नको ते भाग वगळायचे असले, स्वतःची दुरुस्ती घालायची असली किंवा विकास चालू असलेल्या शाखेवर राहायचे असले, तर मात्र बांधणीला पर्याय नसतो.

जाणकार पहिली आज्ञा देण्याआधी सोर्ससोबत येणारी ‘अपडेटिंग’ नावाची फाइल वाचतात. कोणत्या बदलानंतर कोणती जादा पायरी लागते, हे तिच्यात तारीखवार नोंदलेले असते. त्यानंतर ‘बिल्डवर्ल्ड’, म्हणजे कर्नल सोडून बाकीच्या सिस्टीमची बांधणी, सुरू होते. गरज असेल तर आधी जुना कंपाइलर नव्या सोर्समधला कंपाइलर बांधतो आणि मग तो नवा कंपाइलर बाकीची सिस्टीम बांधतो. 2014 मध्ये आलेल्या 10.0 आवृत्तीपासून जीसीसीऐवजी क्लँग हा मुख्य कंपाइलर झाला. तो प्रचंड मोठा असल्याने बांधणीचा मोठा वेळ त्याच्यावरच खर्च होतो.

बसवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी नवा कर्नल, मग रीबूट, आणि त्यानंतर बाकीचे ‘वर्ल्ड’. नव्या कर्नलला जुन्या प्रोग्रॅमच्या मागण्या कळतात. नव्या प्रोग्रॅमची प्रत्येक मागणी जुन्या कर्नलला कळेलच असे नाही. क्रम उलटला, तर फाइलींची यादी दाखवण्यासारखी साधी आज्ञाही कोसळू शकते. आधीचा कर्नल वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवला जातो. नवा उठलाच नाही, तर सुरुवातीच्या मेनूतून जुना निवडता येतो.

आता अडलेल्या बिल्डकडे. वेळ वाचावा म्हणून बरेच जण एकाच वेळी आठ-आठ कामे सुरू करतात. आठ जणांनी एकाच वहीत हिशेब लिहावा, तशा मग सगळ्यांच्या ओळी एकमेकांत मिसळतात. एक काम फसले, तरी बाकीची हातातले संपवेपर्यंत लिहीतच राहतात. अशा वेळी तोच बिल्ड एका वेळी एकच काम देऊन पुन्हा चालवायचा आणि सगळी नोंद फाइलीत उतरवायची. पहिली चूक सापडली की पुढच्या अनेक चुकांचा उलगडा आपोआप होतो.

दुसरा प्रश्न जागेचा. बिल्ड दर वेळी त्याच फाइलीवर थांबत असेल, तर संशय सोर्सवर किंवा आपण केलेल्या सेटिंगवर घ्यावा. हौसेने घातलेले कंपाइलरचे जादा पर्याय आधी काढून पाहावेत. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी ‘सिग्नल 11’ येऊन कंपाइलर कोसळत असेल, तर बहुधा रॅम खराब असते किंवा प्रोसेसर तापत असतो. एरवी निमूट चालणारी रॅम या सलग ताणाखाली उघडी पडते. काम मध्येच मारले गेले असेल, तर अनेकदा मेमरी संपलेली असते. तेव्हा एकाच वेळी चालणारी कामे कमी करावी लागतात.

घड्याळही दगा देते. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये लिहिलेल्या ‘मेक’ या साधनाची कल्पना आजही तीच आहे. सोर्स फाइलीची वेळ तिच्यापासून बनलेल्या फाइलीच्या वेळेपेक्षा नंतरची असेल, तर बनलेली फाइल पुन्हा बांधायची. मदरबोर्डवरची बॅटरी संपून तारीख मागे गेली, तर हा हिशेब चुकतो आणि बदललेल्या फाइली तशाच राहतात. त्यावर उपाय म्हणजे घड्याळ लावणे, आधी बांधलेले सगळे पुसणे आणि मुळापासून सुरुवात करणे.

सगळे बसल्यावर सेटिंगच्या फाइलींत नव्याजुन्याचा मेळ घातला जातो. जुन्या लायब्ररी काढण्याचे काम शेवटचे, कारण वेगळे बसवलेले प्रोग्रॅम त्यांच्यावरच उभे असू शकतात. ते पुन्हा बांधून झाल्याशिवाय या लायब्ररींना हात लावला जात नाही.