मेंदूस इजा झालेल्या रुग्णांचे पुनर्वसन व आहारशुश्रूषा : राळेगाव तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हा प्रामुख्याने कापूस, सोयाबीन व तूर पिकविणारा तालुका होय. तालुक्यातील वडकी गावावरून नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग जातो. अपघातात डोक्यास गंभीर मार लागलेल्या रुग्णास मेंदूवरील शस्त्रक्रियेसाठी अनेकदा सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठावे लागते. शस्त्रक्रिया तेथे होते. त्यानंतरचे अनेक महिन्यांचे पुनर्वसन मात्र घरीच होते. घरी परिचारिका नसते. आई, पत्नी किंवा बहीण असते. तिच्या हातातील चमचा हेही उपचाराचेच साधन आहे. म्हणून या आहारशुश्रूषेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१) वाढलेली गरज :

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते; परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर वापरीत असलेल्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा त्यास लागते. गंभीर इजेनंतर चयापचय वाढतो व स्नायू झपाट्याने झिजतात. तीव्र अवस्थेत दर किलो वजनामागे रोज साधारणतः १.५ ते २ ग्रॅम प्रथिने सुचविली जातात. म्हणजे ५० किलो वजनाच्या रुग्णास किमान ७५ ग्रॅम. पुनर्वसनकाळात हे प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवितात. तथापि ते निरोगी माणसापेक्षा बहुधा अधिकच असते. २५ ग्रॅम तूरडाळीच्या वाटीभर वरणातून जेमतेम ५ ते ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. 'आजाऱ्याला हलके द्यावे' या समजुतीने केवळ पेज व फळांचा रस दिल्यास रुग्ण अर्धपोटी राहतो, आणि दुबळ्या स्नायूंना व्यायामाचा लाभ होत नाही.

२) पाण्याचा घोट :

येथे सर्वांत मोठा धोका अन्नाचा नसून साध्या पाण्याचा असतो. गिळण्याचे नियंत्रण बिघडलेले असल्यास पातळ पदार्थ घशातून वेगाने उतरतो व श्वासनलिकेत शिरतो. त्यामुळे फुप्फुसदाह होतो. काही रुग्णांना अशा वेळी ठसकाही लागत नाही. विदर्भातील उन्हाळ्यात मायेपोटी पाजलेला घोटही म्हणूनच घातक ठरू शकतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नये. पाण्याची गरज नळीद्वारे किंवा तज्ज्ञांनी ठरविलेल्या घट्टपणाच्या द्रवातून भागवावी. भाकरीचा कोरडा चुरा, शेंगदाणे व चिवडा टाळावा. भरविताना रुग्णास ताठ बसवावे, लहान घास द्यावा, आधीचा घास गिळल्याची खात्री करावी व जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे करू नये. आवाज ओलसर, घरघरता झाल्यास भरविणे तत्काळ थांबवावे. दात व जीभ स्वच्छ ठेवणे हाही फुप्फुसदाह टाळण्याचाच उपाय आहे.

३) नळीद्वारे आहार :

नाकातून जठरात घातलेल्या नळीची खूण दरवेळी तपासावी. नळी सरकलेली वाटल्यास काहीही देऊ नये. आहार गाळून, संथपणे द्यावा व शेवटी पाण्याने नळी धुवावी. झटक्यांवरील फेनिटॉईन हे औषध आहारासोबत दिल्यास त्याचे शोषण घटते. म्हणून दोहोंमध्ये किती अंतर ठेवावे, हे डॉक्टरांना विचारावे.

४) स्थानिक अन्नाचा उपयोग :

महागड्या डब्यांवाचूनही पुष्कळ साधता येते. मऊ मुगाची खिचडी, घट्ट वरण, दही, अंडी, ज्वारीची दाट आंबील, तसेच पूर्ण शिजवून वाटलेले सोयाबीन हे पदार्थ तज्ज्ञांच्या सल्ल्याने देता येतात. रुग्ण स्वतः जेवू लागल्यावर ताटाची एकच बाजू संपत असेल, तर तो हट्ट नसून दुसऱ्या बाजूचे भान हरपल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी ताट फिरवावे. काहींना वास येत नाही म्हणून अन्नावरची वासना उडते. काही जण जेवल्याचे विसरून पुन्हा मागतात. यास्तव आठवड्यातून एकदा वजन नोंदवावे.

समारोप :

रुग्णालयातून सुटी देताना औषधांच्या चिठ्ठीबरोबरच अन्नाचा घट्टपणा, प्रमाण व बसविण्याची पद्धत मराठीत लिहून द्यावी, आणि भरविणाऱ्या व्यक्तीकडून ती एकदा प्रत्यक्ष करवून घ्यावी. आशा स्वयंसेविकांनाही हे शिक्षण मिळाल्यास शस्त्रक्रियेने वाचविलेला जीव घरच्या अज्ञानामुळे गमावण्याची वेळ येणार नाही.