हिरवा दिवा लागला, वास मात्र तसाच

नव्या घराचा ताबा मिळतो, सुतार महिनाभर ठाण मांडून बसतो, भिंतींना रंग लागतो आणि वास्तुशांत झाली की कुटुंब राहायला येते. पहिल्याच आठवड्यात कोणाचे डोळे चुरचुरतात, कोणाचा घसा खवखवतो. मग एअर प्युरिफायर घेतला जातो. त्याच्यावरचा आकडा झरझर खाली येतो, हिरवा दिवा लागतो; पण कपाटाचे दार उघडले की तोच उग्र दर्प. यंत्र बिघडलेले नसते. ते आपले काम चोख करत असते. फक्त ते काम वेगळे असते.

प्युरिफायरमधला ‘हेपा’ फिल्टर कण अडवतो. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवण्याची त्याची ख्याती आहे. प्लायवूड आणि एमडीएफच्या डिंकातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइडचा रेणू मात्र त्याहून हजारेक पटींनी लहान. तो या जाळीतून सहज निसटतो. खोक्यावर छापलेली क्षमताही बहुधा धूळ, धूर आणि परागकणांसाठी मोजलेली असते, वायूंसाठी नव्हे.

वायू गाळता येत नाही, त्याला कशाला तरी चिकटवावे लागते. त्यासाठी सर्वांत जुना आणि अजूनही भरवशाचा पदार्थ म्हणजे सक्रिय कोळसा. नारळाच्या करवंट्या कमी हवेत जाळून, मग प्रचंड तापमानाला वाफ देऊन त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडतात. अशा एक ग्रॅम कोळशाच्या आतला पृष्ठभाग साधारण हजार चौरस मीटर भरतो. म्हणजे पाचशे चौरस फुटांची वीस घरे चिमटीत! पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून सैनिकांना वाचवले ते याच कोळशाच्या मुखवट्यांनी. १९१८ मध्ये अमेरिकेत त्यासाठी लोकांकडून पीचच्या बिया आणि अक्रोडाची टरफले गोळा केली जात होती.

रंगातल्या टोल्यूइन, झायलीनसारख्या जड वाफा कोळसा छान धरून ठेवतो. पण फॉर्माल्डिहाइड लहान आणि चंचल. साध्या कोळशावर ते फारसे टिकत नाही. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेट मुरवलेले गोळे वापरतात. ते वायूला नुसते धरत नाहीत, त्याचे रासायनिक रूपच बदलतात. जांभळे गोळे तपकिरी झाले की त्यांचा दम संपला. आपले वय असे उघड सांगणारा फिल्टर विरळाच. हे सव्यापसव्य करायचे कारण म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत बसवले.

आता खरी मेख. घरगुती यंत्रांतला ‘कार्बन फिल्टर’ पुष्कळदा म्हणजे कोळशाची पूड फासलेली पातळ जाळी. वायू धरायला कोळसा भरपूर लागतो आणि हवेला त्यात क्षणभर तरी रेंगाळावे लागते. पातळ जाळी लवकर भरते. भरल्यावर उकाडा वाढला की धरलेला वायू पुन्हा खोलीत सोडूही शकते. पावसाळ्यातल्या दमट हवेत कोळशाची छिद्रे पाण्याच्या वाफेनेच अडतात, आणि नेमक्या त्याच उष्ण-दमट दिवसांत फर्निचरमधून फॉर्माल्डिहाइड अधिक सुटते. म्हणून फिल्टर घेताना त्यात कोळसा किती ग्रॅम आहे, हे दुकानदाराला विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर तेही उत्तरच.

नवे फर्निचर आले की काही आठवडे कपाटांची दारे उघडी ठेवून समोरासमोरच्या खिडक्यांतून हवा खेळती ठेवणे कोणत्याही जाळीपेक्षा स्वस्त आणि परिणामकारक ठरते. बाहेर धुरके दाटले असेल, तर दुपारची त्यातल्या त्यात बरी वेळ निवडावी.

एका वायूबाबत मात्र फिल्टरवर अजिबात विसंबू नये. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमधून किंवा खोलीत पेटवलेल्या शेगडीतून येणारा कार्बन मोनॉक्साइड कोळशालाही चिकटत नाही, आणि त्याला वासही नसतो. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा, आणि शेगडी पेटती ठेवून दारे-खिडक्या लावून कोणी झोपू नये.